भुंगा कोणता, आग्या कोणती?

पेण-रोह्यात भातानंतरचा वाल फुलला की त्यावर घोंघावणाऱ्या काळ्या, गुबगुबीत माशीला हल्ली सर्रास ‘बंबल बी’ म्हटले जाते. भारतातल्या बंबल बी मुख्यतः हिमालयातल्या. इथला हा भुंगा, सुक्या लाकडात नि बांबूत भोके पाडणारा. बंबल बीचे पोट केसाळ, भुंग्याचे वरून चकचकीत. नराला नांगीच नसते. मादीही हाताळल्याशिवाय सहसा डसत नाही. त्याला उगाच मारतात. धास्ती हवी ती आग्यामाशीची. उंच फांदीला उघडे लोंबणारे तिचे पोळे दुरूनच ओळखावे. फोटोसाठी जवळ जाणे हा शुद्ध वेडेपणा. शेकडो डंखांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कातडीत रुतलेली नांगी नखाने का होईना, ताबडतोब काढावी. धाप लागली, चक्कर आली तर एका डंखानंतरही थेट रुग्णालय गाठावे.