आधी पान बघा, मग बाटली!

आमच्या श्रीरामपूरच्या अंगणात सासूबाईंनी लावलेला सोनचाफा आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसू लागले. आठ-पंधरा दिवसांत खाली पानांचा सडा! सासूबाईंचा जीव कासावीस. "अगं, काहीतरी कर," असं दिवसातून चारदा व्हायचं.

मी दोन पानं पिशवीत घालून औषधांच्या दुकानात गेले. दुकानदारानं पिशवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "कितीचं झाड आहे? मालकांना पाठवा ना मॅडम," म्हणाला आणि वर एक बाटली हातात ठेवली. घरी येऊन पाहते तो बाटलीवर लाल त्रिकोण. मैत्रिणींनो, हा त्रिकोण तुम्ही कधी निरखून पाहिलाय? लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. त्यातून ते होतं कीटकनाशक! ठिपके किडीचे आहेत की बुरशीचे, हे बघितलंच कुणी? आणि ज्या अंगणात नातवंडं खेळतात, पापड वाळतात, तिथे मी ते फवारायचं! 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण इतक्या लवकर कसं विसरतो?

बाटली कपाटावर ठेवली आणि चष्मा लावून झाडापाशी बसले. खरं सांगू? तांदूळ निवडताना खडा दिसतो, तेच डोळे इथे लागतात. आपल्या भागातल्या चुनखडीच्या जमिनीत चाफ्याची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तो रोग नव्हे, लोहाची कमतरता. पानाचं टोक आणि कडाच करपल्या तर उन्हाचा किंवा खारट पाण्याचा संशय घ्यावा. आमच्या पानांवर मात्र गोल डाग, भोवती पिवळं वलय, मध्ये राखाडी रंग आणि त्यात मोहरीहून बारीक काळे ठिपके. ही बुरशीची खूण. तरी खात्री हवी म्हणून पानं घेऊन जाणकाराकडे गेले. आपल्या जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, बाभळेश्वर आणि दहिगाव-नेला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. कांद्याला नि डाळिंबालाच तिथे दार उघडतं असं थोडंच आहे! डाळिंबावरचा तेल्या तर जिवाणूंचा. डाग दिसायला सारखे वाटले, तरी कारण वेगळं आणि उपाय वेगळा.

उपाय अगदी साधा निघाला. गळलेली पानं रोज झाडून गोळा करून जाळली, खतात टाकली नाहीत. आतल्या दाट फांद्या विरळ केल्या. मी हौसेनं पाइपनं पानांवर पाणी उडवायची, ते बंद करून पाणी बुंध्याशी सोडलं. मग बोर्डो मिश्रण केलं. दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र. स्वच्छ लोखंडी खिळा त्यात बुडवून पाहायचा, तांबूस थर चढला तर चुना वाढवायचा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. तोंडाला रुमाल, हातात मोजे, मुलं घरात. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. तोवर देवाला जास्वंद!

माझा राग दुकानदारावर कमी, त्या "मालकांना पाठवा"वर जास्त आहे. डाळिंबाच्या बागेत डागाळलेली फळं-पानं वेचायला बायकाच असतात. डाग पहिल्यांदा दिसतो तो त्यांनाच. औषधाबद्दल विचारायची वेळ आली, की मात्र मालक! आणि आपणही मुकाट्यानं बाटली घेऊन येतो, त्रिकोण न बघता. त्यात मीही आलेच.

बाटली परत करायला गेले तेव्हा पैसे मिळाले नाहीत. बिल घेतलंच नव्हतं, ही माझी चूक. पण दुकानात दोन बायका उभ्या होत्या, त्यांना तो लाल त्रिकोण दाखवून आले.

शेंड्याच्या फांदीवर अजून थोडे डाग आहेत. काल सासूबाईंना पाच फुलं मिळाली. त्यांनी मोजली.