पट सप्टेंबरचा, पोर फडावर

दसरा उलटला की जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरुणं, बाजरीचं पोतं आणि त्यावर बसलेली पोरं. मुकादमाची उचल अंगावर असते. ती फेडायला नवराबायकोचा एक कोयता कधी सांगली-कोल्हापुरात, कधी पार बेळगाव-बागलकोटकडे पाच-सहा महिने ऊस तोडतो. परत येईपर्यंत शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. या मुलांचं नाव नव्या मुलखातल्या शाळेत घालायचं कुणी, हा प्रश्न दर हंगामात निघतो आणि दर हंगामात आईबापांच्या अडाणीपणावर ढकलला जातो. हे साफ चूक आहे. ही जबाबदारी कुणाची, ते कायद्याने ठरवून दिलेलं आहे, आणि ती एकट्या आईबापांची नाही.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, असं त्याचं नववं कलम सांगतं. पाचव्या कलमानुसार मूल राज्यात कुठेही किंवा राज्याबाहेर गेलं तरी त्याला शाळा बदलण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेने दाखला लगेच द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. चौदाव्या कलमाप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून, आणि पंधराव्याप्रमाणे वर्ष सुरू होऊन महिने लोटले म्हणूनही मुलाला परत पाठवता येत नाही. तरीही कॅरीबॅगेत रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन आलेल्या बाईला शाळेत पहिला प्रश्न होतो, ‘टीसी आणलाय का?’ टीसी शेकडो किलोमीटर दूर राहिलेला असतो. त्या दिवशी फडावरचा खाडा झालेला असतो. ती बाई दुसऱ्यांदा शाळेची पायरी चढत नाही.

दुखणं मात्र त्याही आधी, आपल्याच जिल्ह्यात सुरू होतं. शाळेची संचमान्यता, म्हणजे तिथे किती शिक्षक राहणार हे, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतं. गाव रिकामं होतं त्यानंतर. त्यामुळे नाव जालन्याच्या शाळेत आणि मूल कारखान्याच्या तळावर, ही अवस्था कागदावर दिसतच नाही. नाव कमी करावं तर शिक्षकाचं पद धोक्यात येण्याची भीती. नाव ठेवावं तर नव्या शाळेची अडचण, कारण जुन्या शाळेने ऑनलाइन नोंदीतून सोडल्याशिवाय मूल तिच्या पटावर चढत नाही. मोजणी सप्टेंबरात थांबते, म्हणूनच हजारो मुलं शाळेत असूनही शाळेबाहेर राहतात. एखाद्या गुरुजींना दोष देऊन हे सुटणार नाही. पद टिकवणं आणि मूल टिकवणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात उभ्या करणारी पद्धतच बदलायला हवी.

तळावर काय चालतं, तेही नीट पाहिलं पाहिजे. आईबाप उजाडायच्या आत फडाकडे गेलेले असतात. कोपीत नऊ-दहा वर्षांची पोर धाकट्या भावाला काखेत घेऊन चूल सांभाळते. थोडी मोठी झाली की तीही वाढे बांधायला लागते. ती दूध पित्या भावाला टाकून शाळेत जाईल कशी? जवळच्या अंगणवाडीने भावाला घेतलं तरच तिची शाळा शक्य होते. एकाच्या प्रवेशात दुसऱ्याचा प्रवेश अडकलेला असतो, ही साधी गोष्ट कुठल्याही फॉर्मवर येत नाही. सीमेपलीकडे भाषेचीही भर पडते. बेळगावच्या बाजूला मराठी शाळा सापडते तरी. बागलकोटकडे मात्र चौथीतल्या मुलीला फळ्यावरचं अक्षरही लागत नाही.

उपाय झालेच नाहीत, असं नाही. कारखान्यांवर साखरशाळा चालल्या. गावातच आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेतही जालना जिल्ह्याचा समावेश आहे. जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे, ज्यावरून नव्या शाळेला मुलाची इयत्ता कळावी. वसतिगृह मागे राहणाऱ्यांसाठी आहे आणि ते वाढलंच पाहिजे. पण तान्ह्यांना सांभाळणाऱ्या, किंवा एकटं ठेवायला आई धजत नाही अशा मुली जाणारच. त्यांच्या हातात नुसतं कार्ड देऊन भागत नाही. पलीकडे ते घ्यायला कुणीतरी उभं पाहिजे.

आणि हे मागताना जालन्याने स्वतःकडेही पाहावं. हा जिल्हा माणसं पाठवतो, तशी बोलावतोही. इथल्या स्टील कारखान्यांच्या भट्ट्यांपुढे मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातले मजूर राबतात. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली गेलेले १६ जण इथल्याच स्टील कारखान्यात कामाला होते. टाळेबंदीत रुळांच्या कडेने मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघाले होते. ज्यांच्या कष्टावर उद्योग उभा आहे, त्यांची दखल शहराने मरणानंतर घ्यावी, ही जालन्याची शोभा नव्हे. त्यांच्यासारख्याच कामगारांची लेकरं आज औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या खोल्यांमध्ये राहतात. ती बहुतेक हिंदी बोलतात, जवळची सरकारी शाळा मराठी असते. बागलकोटला आपली पोर जिथे अडते, तिथेच जालन्यात त्यांचं पोर अडतं.

परक्या मुलाला शाळेत घेणं ही मेहेरबानी नाही, हे जगाने केव्हाच मान्य केलं आहे. बेकायदा राहणाऱ्या परदेशी कुटुंबांच्या मुलांना सरकारी शाळेतून वगळण्याची मुभा देणारा टेक्सास राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात रद्द केला. मुलं आपल्या मर्जीने देश ओलांडत नाहीत. आईबापांच्या कृत्याचा भार त्यांच्यावर टाकता येत नाही. जिथे परक्या देशाच्या मुलांबाबत हे ठरलं, तिथे आपण आपल्याच देशाच्या नागरिकाला जिल्हा ओलांडला म्हणून ताटकळत ठेवतो.

करायचं काय, हे अवघड नाही. कुठला कोयता कोणत्या कारखान्यावर जाणार, हे मुकादमाला उचल देतानाच माहीत असतं आणि टोळीचा करार कारखान्याकडे असतो. शिक्षण विभागाने ती यादी दिवाळीआधी मागून घ्यावी, मुलांची नावं इयत्तेसह त्या त्या जिल्ह्याला कळवावीत आणि टोळी उतरल्यावर तिथल्या शिक्षकाने तळावर जाऊन प्रवेश द्यावा. पटाची मोजणी हंगामात दुसऱ्यांदा व्हावी, आणि परतणाऱ्या मुलांमुळे मूळ गावच्या शिक्षकाच्या पदाला संरक्षण मिळावं. सीमेपलीकडच्या मुलांसाठी कर्नाटक सरकारशी बोलणी व्हावीत.

या सगळ्याला मुंबईचा आदेश लागेल, वेळही लागेल. जालना महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांच्या हातात मात्र एक गोष्ट आजच आहे. शिक्षकांनी स्टील कारखान्यांच्या वस्त्यांवर जाऊन प्रत्येक मुलाचं नाव, दाखला न मागता, पटावर घ्यावं आणि मराठी येईपर्यंत त्याच्याशी हिंदीत बोलावं. कायद्याने त्यासाठी विशेष प्रशिक्षणाची सोय आधीच करून ठेवली आहे. आपल्या लेकरांसाठी कोल्हापूर-बागलकोटकडे हात पसरण्याआधी जालन्याने दारात आलेल्या लेकरांना वर्गात घ्यावं. मग आपल्या मागणीला वजन येईल.