मुकुट कुणी खाल्ला?



परवा शेजारचा चौथीतला ओंकार मला विचारत होता, "आजी, तुमच्या लहानपणी चॉकलेटं होती का हो?"

म्हटलं, "होती तर! पण आमचं चॉकलेट म्हणजे साखरेची गोळी. लिमलेटची, पेपरमिंटची, श्रीखंडाची. सगळ्यांना आम्ही चॉकलेटच म्हणायचो!"

मुंबईच्या विलेपार्ल्यात १९२९ मध्ये पार्लेचा कारखाना सुरू झाला, तेव्हा तिथे आधी गोळ्याच बनत. बिस्किटं नंतर आली. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावच्या गोळ्या तर घरोघरी असत. साखर कारखान्याच्या गावची गोळी, मग काय विचारता! २०२४ मध्ये हा गोळ्यांचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीने विकत घेतला, पण नाव निघालं की माझ्या तोंडाला अजून पाणी सुटतं.

आणि आमचा शाळेबाहेरचा खाऊ? तो तर भलताच चमत्कारिक! एक माणूस उंच बांबू घेऊन उभा असायचा. बांबूच्या टोकाला गुलाबी-पांढरा चिकट साखरेचा गोळा गुंडाळलेला. त्यातली तार ओढून तो आपल्या मनगटावर झकास घड्याळ करून द्यायचा. पाच मिनिटांत काटे पोटात, आणि उरलेलं घड्याळ फ्रॉकला चिकटलेलं! पिवळ्या कुरकुरीत नळ्या दहाही बोटांत घालून आम्ही एकेक बोट खायचो. गुढीपाडव्याला साखरेची गाठी गळ्यात घालायचो, ती दुपारपर्यंत नुसता दोरा उरायची.

म्हातारीचे केस तुम्हीही खाल्ले असतील. साखर वितळवून गरगर फिरवली की ती बारीक भोकांतून बाहेर उडते. हवा लागताच थिजते आणि तिचे तंतू होतात. हे यंत्र १८९७ मध्ये अमेरिकेत दोघांनी मिळून तयार केलं. एक होता मिठाईवाला आणि दुसरा... चक्क दातांचा डॉक्टर! आहे की नाही गंमत?

पण दोस्तांनो, आज मला एका वेगळ्याच खाऊची गोष्ट सांगायची आहे. खरं तर माझ्या चोरीची.

१९७४ सालचा जानेवारी. मी तिसरीत होते. आम्ही साताऱ्याला एका वाड्यात राहत होतो. माझा धाकटा भाऊ नुकताच वर्षाचा झाला होता आणि रविवारी त्याचं बोरन्हाण होतं. बोरन्हाण म्हणजे ठाऊक आहे ना? संक्रांतीनंतर लहान बाळाला हलव्याचे दागिने घालतात, त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात आणि बाकीची मुलं ते लुटतात.

दागिन्यांचा हलवा आई घरीच करायची. पहाटे उठून ती शेगडी पेटवायची. मंद आचेवर परात, परातीत भाजलेली खसखस. त्यावर साखरेच्या पाकाचे चार थेंब टाकायचे आणि बोटांनी हलक्या हातानं फिरवत राहायचं. ते वाळले की पुन्हा चार थेंब. थरावर थर चढतात आणि हळूहळू दाण्याला काटा येतो. एकदम पाक ओतला तर सगळ्याचा लगदा होतो. असे तीन दिवस चालले होते. मग पुठ्ठ्यावर दाणे टाचून आईने सुरेख मुकुट केला आणि फडताळात ठेवला.

मी शुक्रवारी त्यातला एकच दाणा खाल्ला. मागच्या बाजूचा, कुणाला दिसू नये म्हणून! मग आणखी एक. मग... तुम्हाला कळलंच असेल. शनिवारी संध्याकाळी मुकुटाची मागची बाजू साफ बोडकी झाली होती.

आईने फडताळ उघडलं. मुकुट पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी पाठीत धपाट्याची वाट बघत होते. ती काहीच बोलली नाही. तिने पुन्हा शेगडी पेटवली.

मला राहवेना. जवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "मी हलवू?" परातीत बोटं घातली मात्र, असा चटका बसला की हात मागेच आला! आईने माझा हात हातात घेऊन फुंकर घातली. तेव्हा मला तिची बोटं दिसली. टोकं लालबुंद, दोन बोटांना फोड आलेले. तीन दिवस मी त्या घरात होते, पण मला ती दिसलीच नव्हती.

"दुखतं का गं?" मी विचारलं.

"दुखतं की," ती म्हणाली, "पण काटा छान आलाय."

रात्री उशिरापर्यंत आम्ही दोघी जाग्या होतो. ती पाक टाकायची आणि मी दाणे टाचायची.

दुसऱ्या दिवशी वाड्यातल्या बायका मुकुटाचं कौतुक करायला लागल्या. आई सहज म्हणाली, "मागची बाजू आमच्या ताईची हो!" सगळ्यांनी मला शाबासकी दिली. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्या दिवशी बोरन्हाणात मी एकही दाणा लुटला नाही.

आज खाऊ पाकिटातून येतो. तो कुणी, कशाचा केला ते दिसत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तमिळनाडूमध्ये म्हातारीच्या केसांवर बंदी आली, कारण त्यात कापड रंगवायचा रोडामाइन-बी हा रंग सापडला. आमच्या गुलाबी घड्याळात कुठला रंग होता, देव जाणे! तेव्हा तुम्ही पाकिटामागची बारीक अक्षरं जरूर वाचा. चार ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. करा हिशेब!

आणि घरी कुणी लाडू वळत असेल, वडी थापत असेल, तर खाण्याआधी एकदा त्यांच्या हातांकडे बघा. मग खुशाल खा. पण विचारून हं!