झेपेल तेवढाच उपग्रह

कबनूरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये दहा सेंटिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या घनाचं ड्रॉइंग नेऊन ठेवा. मागाचे सुटे भाग करणारा कारागीर म्हणेल, "ठेवा, करून देतो." एक युनिटच्या क्यूबसॅटचा सांगाडा एवढाच. त्यामुळे इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना उपग्रह हाताशी आल्यासारखा वाटतो. घोडं पेंड खातं ते पुढे.

पहिल्याच मीटिंगला फळ्यावर यादी चढते: कॅमेरा, तिन्ही अक्षांत वळणं, फोटो खाली पाठवणं. सोल्डरिंग कोण करणार, हे कुणी विचारत नाही. टीममधला जाणता पोरगा फायनल इयर उरकून पुण्याला नोकरीला जातो आणि त्याचा कोड मागच्यांना उलगडत नाही.

पुण्याच्या सीओईपीच्या मुलांनी इथे शहाणपण दाखवलं. 22 जून 2016 ला पीएसएलव्ही-सी34 वरून गेलेला त्यांचा 'स्वयम्' किलोभराच्या आतबाहेरचा. दिशा सांभाळायला ना मोटर, ना सॉफ्टवेअर. आत कायमचा चुंबक. होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून राहतो आणि खास धातूच्या कांड्या उपग्रहाचं डोलणं शमवतात. याला वीज लागतच नाही. काम एकच, हॅम रेडिओवरून निरोप घेऊन परत सोडायचा. तरीही 2008 पासून आठ वर्षं गेली! मुंबई आयआयटीच्या दहा किलोच्या 'प्रथम'ला 2007 ते 2016.

1961 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांनी सोडलेला 'ऑस्कर-1' तर निव्वळ बॅटरीवर चालला. तीन आठवडे मोर्समध्ये 'हाय' म्हणत राहिला. त्या 'हाय'च्या वेगावरून आतलं तापमान कळायचं. एवढ्याशा यंत्रातून विज्ञान काढायला मला वाटतं जास्त डोकं लागतं.

आता तर अख्खा उपग्रह करायचीही सक्ती नाही. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावर इस्रो प्रयोगांना जागा देते. वीज आणि दिशा त्यांची, प्रयोग तुमचा. डिसेंबर 2024 मध्ये पुण्याच्या एमआयटी-डब्ल्यूपीयूचा संच तसाच गेला. आपल्या पोरांनी आधी गच्चीवर अँटेना लावून दुसऱ्यांचे उपग्रह ऐकावेत, मग असा एखादा प्रयोग घ्यावा.

आणि देणगीसाठी टीम दारात आली, तर इथल्या कारखानदारांनी रॉकेटचं नाव विचारू नये. वीज किती मिळणार, कुठे किती खर्चणार, तो हिशेबाचा कागद मागावा. टीममध्ये सेकंड इयरची पोरं किती, तेही विचारावं.

— कबनूरकर