एका आजींचे वस्तुसंग्रहालय



मागील पौर्णिमेस एका नवदीक्षित कुटुंबाच्या घरी जाण्याचा आम्हांस योग आला. दीक्षा घेऊन त्या मंडळींस जेमतेम दोन महिने झाले होते. घर झाडूनपुसून लख्ख केलेले, भिंतीवर तथागत व बाबासाहेब यांच्या तसबिरी लावलेल्या, आणि अंगणाच्या कोपऱ्यात एक पोते भरून ठेवलेले. कर्ते गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "वकीलसाहेब, जुने सगळे काढले. उद्या भंगारवाला येतो आहे." पोत्यात देवांचे टाक होते, ते घराबाहेर जाणे योग्यच होते. परंतु त्याच पोत्यात त्यांच्या वडिलांची हलगी होती आणि पत्र्याच्या डब्यात कोंबलेले काही कागदही होते. त्यांत आजोबांचा शाळेचा दाखला निघाला, सन १९३८ चा. घरातील वृद्ध आजी उंबऱ्यावर बसून हे सर्व पाहत होत्या. त्यांना कोणी काही विचारले नव्हते. आम्ही हलगी हातात घेतली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "धन्याची हाय ती."

त्या दिवसापासून आम्हांस शिकागो शहरातील एका दुसऱ्या आजींचे स्मरण वारंवार होत आहे. त्यांचे नाव मार्गारेट बरोज. कृष्णवर्णीय समाजातील या बाई चित्रकार होत्या, शाळेत चित्रकला शिकवीत, मुलांसाठी पुस्तके लिहीत, आणि एका मोठ्या वस्तुसंग्रहालयाच्या त्या संस्थापक व पहिल्या संचालक होत्या. दिनांक २१ नोव्हेंबर २०१० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, झोपेतच त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेले बराक ओबामा यांनी शोकसंदेश काढला. घरी नातवंडे होतीच. परंतु शिकागोच्या दक्षिण भागातील कित्येक पिढ्यांची मुले त्यांना आपलीच आजी मानीत.

त्यांचा जन्म सन १९१५ चा, लुइझियाना राज्यातील सेंट रोझ या खेड्यात. दक्षिणेतील जाच सोडून त्यांचे कुटुंब शिकागोस आले तेव्हा मार्गारेट लहान होत्या. शिकागोत उघड पाट्या नसतील, परंतु कृष्णवर्णीयांनी कोठे राहावे याच्या सीमा ठरलेल्या होत्या, आणि त्या कागदावर लिहिलेल्या होत्या. घरमालक आपसांत करारपत्र करीत की या वस्तीतील घर कृष्णवर्णीयास विकावयाचे नाही वा भाड्याने द्यावयाचे नाही. न्यायालये असे करार अमलात आणीत! वॉशिंग्टन पार्क या उद्यानाच्या लगतच्या वसाहतीतील अशाच कराराविरुद्ध हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय गृहस्थांनी लढा दिला व सन १९४० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले. तथापि तो निकाल तांत्रिक मुद्द्यावर होता. न्यायालयांनी असले करार अमलात आणता कामा नयेत हे तत्त्व प्रस्थापित होण्यास सन १९४८ उजाडावे लागले. उद्यानाचे हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तरुण वयातच मार्गारेट रस्त्याच्या कोपऱ्यावर डबा घेऊन उभ्या राहिल्या. दहा-दहा सेंटांची नाणी गोळा करून कृष्णवर्णीय कलावंतांसाठी एक कलाकेंद्र उभारावयाचे होते. सरकारी योजनेतून साहाय्य मिळणार होते, परंतु जागेसाठी वस्तीने आपला वाटा उचलावयाचा होता. ते केंद्र सन १९४० मध्ये सुरू झाले. पुढील वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्याचे विधिवत उद्घाटन केले. त्या योजनेतील शंभरावर केंद्रांपैकी बहुतेक कालांतराने बंद पडली. ज्या केंद्रासाठी वस्तीने नाणी मोजून दिली होती, ते आजही चालू आहे.

पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी डु सेबल हायस्कूलमध्ये चित्रकला शिकविली. ज्या गृहस्थाचे नाव त्या शाळेस दिले आहे त्याची हकीकत आम्हां वकिलांस विशेष मोलाची वाटते, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. झां बाप्तिस्त प्वां डु सेबल हा कृष्णवर्णीय व्यापारी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकागो नदीच्या मुखाशी घर बांधून राहिला. तेथील मूळ रहिवाशांखेरीज त्या ठिकाणी कायम वस्ती करणारा पहिला मनुष्य तोच होय. परंतु शहराचा जनक म्हणून दीर्घकाळ नाव घेतले गेले ते जॉन किंझी या गोऱ्या व्यापाऱ्याचे. किंझीच्या घराण्यातील मंडळींनी पुस्तक लिहून त्याची कीर्ती पसरविली होती. मग सन १९१३ मध्ये डेट्रॉइट येथील दप्तरात एक जुने खरेदीखत सापडले. सन १८०० मध्ये डु सेबलने आपली मिळकत ६,००० लिव्हरांस विकली त्याचे ते खत. त्यात सर्व यादी आहे: ४० फूट लांब व २२ फूट रुंद घर, दोन कोठारे, घोड्याने फिरणारी चक्की, पाव भाजण्याची भट्टी, दुधाची खोली, कोंबड्यांचे खुराडे. घरात उत्तम लाकडी सामान होते, चित्रेही होती. आणि त्या खतावर साक्षीदार म्हणून सही आहे ती जॉन किंझीची! ज्याच्या नावावर शहराचा जन्म लिहिला गेला, त्यानेच आपल्या आधी तेथे दुसऱ्याचे नांदते घर होते याची साक्ष देऊन ठेवली होती.

मार्गारेटबाई याच शाळेत शिकवीत, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्या पूर्वजांचा उल्लेख गुलाम म्हणून येई, नाहीतर येतच नसे. त्या चित्रकलेच्या तासाला इतिहास सांगू लागल्या. सन १९५२ च्या सुमारास शिक्षण मंडळाने त्यांना बोलावून त्यांच्या विचारांबद्दल व गायक पॉल रोबसन यांच्याविषयीच्या आदराबद्दल प्रश्न विचारले. तो काळ संशयाचा होता. नोकरी जाण्याची भीती खरी होती. बाईंनी एक वर्षाची रजा घेतली व त्या मेक्सिकोस गेल्या. तेथे लोकांसाठी ठसाचित्रे काढणाऱ्या कलावंतांची एक प्रसिद्ध कार्यशाळा होती. लिनोलियमचा तुकडा कोरावयाचा, शाई लावावयाची, आणि एकाच ठशावरून हव्या तितक्या प्रती काढावयाच्या. तैलचित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाते. ही प्रत मजुराच्या भिंतीवर लागू शकते. बाईंनी ही कला आयुष्यभर जोपासली. त्यांच्या समाजातील मुलांची रस्त्यावरील गाणी व खेळ जमवून त्यांनी सन १९५५ मध्ये पुस्तकही काढले. आपल्या आया-आज्यांच्या जात्यावरच्या ओव्यांचे, बाबासाहेबांवरील पाळण्यांचे असे किती पुस्तक-संग्रह आपण घरोघर करून ठेवले आहेत, हा प्रश्न येथे आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

आता त्या घराकडे वळू. मिशिगन अॅव्हेन्यू या रस्त्यावर एक जुना वाडा होता. गोऱ्या धनिकाने एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा वाडा पुढे कृष्णवर्णीय रेल्वे कामगारांचे वसतिस्थान झाला, आणि अखेर मार्गारेट व त्यांचे पती चार्ल्स यांच्याकडे आला. सन १९६१ मध्ये या दांपत्याने काही सहकाऱ्यांसह त्या घराच्या तळमजल्यावरील खोल्यांत वस्तुसंग्रहालय उघडले. नाव होते 'एबनी म्यूझियम ऑफ नीग्रो हिस्टरी अँड आर्ट'. ना सरकारी इमारत, ना धनिकाची देणगी. घरातील पुस्तके, चित्रे, आफ्रिकेतील कोरीव वस्तू मांडल्या. शेजाऱ्यांनी आपापल्या पेट्यांतून काढून आणलेल्या वस्तू त्यांत मिळाल्या. शाळांची मुले बसगाड्या भरून येऊ लागली, आणि स्वतः बाई त्यांना एकेक वस्तू दाखवीत हिंडत. ज्या घरात चूल पेटत होती त्याच घरात एका समाजाचा पुरावा मांडलेला होता. आणखी एक गोष्ट वाचकांनी नजरेआड करू नये. या मंडळींनी आरंभीच राज्याकडून संस्थेची रीतसर सनद घेतली होती. घर त्यांचे होते, परंतु संग्रह संस्थेचा होता. त्यामुळे तो कोणाच्या वारसांच्या वाटणीत सापडला नाही. आमच्या व्यवसायात वाटणीचे दावे पाहून पाहून या दूरदृष्टीचे मोल आम्हांस कळले आहे.

सन १९६८ मध्ये संग्रहालयास डु सेबलचे नाव मिळाले. सन १९७३ मध्ये ते नव्या जागेत गेले, आणि ती जागा कोठे होती? वॉशिंग्टन पार्क या त्याच उद्यानात, ज्याच्या लगत कृष्णवर्णीयांनी घर घेऊ नये म्हणून करार लिहिले गेले होते. उद्यान मंडळाची ती जुनी कचेरी. कधीकाळी तेथे पोलिसांची कोठडीही होती. पुढे शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांनी बाईंना त्या उद्यान मंडळावरच सदस्य नेमले.

संग्रहात काय आहे? चित्रे आहेत, पत्रे आहेत, एका कृष्णवर्णीय दर्यावर्दी कप्तानाची रोजनिशी आहे. आणि गुलामगिरीच्या काळातील वस्तूही आहेत. यावर वाचकांनी क्षणभर थांबावे. त्या बाईंना गुलामगिरीची लाज नव्हती काय, की अभिमान होता? दोन्ही नव्हे. ती लाज गुलाम करणाराची आहे आणि वस्तू हा त्याच्या अपराधाचा मुद्देमाल आहे, हे त्या जाणत होत्या. फिर्यादीने मुद्देमाल नदीत टाकला तर आरोपी सुटतो. शंभर वर्षांनी कोणी म्हणेल की असे काही घडलेच नव्हते, तेव्हा त्यास काय दाखविणार?

याच संग्रहात थोर विद्वान डु बॉइस यांच्यासंबंधीचे साहित्यही आहे. बाबासाहेबांनी सन १९४६ मध्ये याच डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, आणि त्यांनी आस्थेने उत्तर पाठविले होते. तो पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स येथील विद्यापीठात डु बॉइस यांच्या कागदपत्रांत आजही आहे. कोणीतरी तो कागद फेकला नाही, म्हणून दोन दूरच्या समाजांची ती ओळख आपल्यापर्यंत पोहोचली.

सन २०१५ मध्ये शिकागोच्या सरोवरकाठच्या, एकतिसाव्या रस्त्याजवळील स्नानाच्या किनाऱ्यास मार्गारेट बरोज यांचे नाव देण्यात आले. तेथून अगदी जवळच, २७ जुलै १९१९ रोजी, सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा यूजीन विल्यम्स पाण्यात तरंगत गोऱ्यांच्या बाजूस गेला म्हणून त्याच्यावर दगड मारण्यात आले आणि तो बुडाला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली. पाण्यावरची ती रेषा कशी असते, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

आता आपल्या घराचे. धर्मांतर म्हणजे जुन्या श्रद्धेचा त्याग. जुन्या पुराव्याचा नव्हे. हलगी वाजविण्याची सक्ती आपल्या वडिलांनी झुगारली हे त्यांचे शौर्य. परंतु ती सक्ती होती, हे सांगणारी ती हलगी आहे. आणि कागदांविषयी तर बोलावयासच नको. आमच्याकडे दर महिन्यास अशी माणसे येतात की ज्यांच्या मुलांचा जातीचा दाखला पडताळणीत अडकलेला असतो. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद आणा, असे त्यांना सांगितले जाते. आजोबांच्या शाळेतील नोंद, गावचा जन्ममृत्यूचा उतारा, एखादी जुनी पावती. यांपैकी काहीच घरात नसते. प्रवेशाची मुदत टळते आणि मुलीचे वर्ष जाते. आम्ही तरी कोठे शहाणे होतो? आमच्या आजीची लोखंडी पेटी तिच्या पश्चात आम्ही स्वतः हातगाडीवर चढवून दिली. वकिलीची सनद तेव्हा खिशात होती. पेटीत काय होते ते आम्ही उघडूनही पाहिले नाही.

म्हणून विनंती एवढीच आहे. घरातील वृद्धांस विचारल्यावाचून एकही कागद वा वस्तू बाहेर टाकू नका. प्रत्येक वस्तूस चिठ्ठी बांधा. त्यावर ती कोणाची, कोणत्या गावची, साधारण कोणत्या सालची व ही माहिती कोणी सांगितली ते लिहा. कागदाची छायाप्रत काढून मूळ प्रत कोरड्या जागी ठेवा. विहारात एखादे कपाट मिळत असेल तर पंचायत समितीच्या इमारतीची वाट पाहू नका. मात्र तेथे वस्तू देताना संस्थेची पावती घ्या व संस्था नोंदलेली आहे की नाही ते पाहा.

त्या पौर्णिमेस आम्ही निघालो तेव्हा त्या घरातील नातू, नववीतला मुलगा, वहीचे पान फाडून आजीपुढे बसला होता. "आजी, ही हलगी कुठल्या सालची?" त्या म्हणाल्या, साल मला नाही ठाऊक, पण ज्या साली विहिरीचे भांडण झाले त्याच्या आदल्या साली ती मढविली. मुलाने विचारले, "कसले भांडण?" आजींनी पदर सावरला व त्या सांगू लागल्या. आम्ही पायताण परत काढून आत येऊन बसलो.