खिशातलं पिस्तूल आणि दांड्याची गल्ली

स्वसंरक्षणासाठी खिशात मावेल असं पिस्तूल घ्यायचं तर कोणतं घ्यावं, हा प्रश्न अमेरिकेत विचारला तर उत्तरादाखल जाडजूड कॅटलॉग मिळेल. आपल्याकडे ते उत्तर एका कागदाच्या कपट्यावर मावतं. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि मुंबईत तो पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातून मिळतो. ९ मिलिमीटर, .३८, .४५ ही लष्कर-पोलिसांच्या वापरातली बोअर सामान्य नागरिकाला बंद आहेत. परदेशातून हत्यार मागवण्याची वाट ऐंशीच्या दशकातच मिटली. उरतं ते मुख्यतः .३२ आणि .२२. म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२चं रिव्हॉल्व्हर, त्याच बोअरचं ‘अशनी’ पिस्तूल, २०१४मध्ये महिलांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेलं अर्धा किलो वजनाचं ‘निर्भीक’, त्याहून हलकं .२२चं ‘निडर’ आणि २०२३मध्ये आलेलं ‘प्रबळ’. जुन्या विलायती पिस्तुलांचे हस्तांतराचे व्यवहार अवाच्या सवा किमतीला होतात, पण तो हौशी श्रीमंतांचा मामला. २०१९च्या दुरुस्तीने एका परवान्यावरची हत्यारं तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. निवड इतकी आखूड असल्यामुळे आपल्याकडची चर्चा ‘कोणतं’ यावर कमी आणि ‘परवाना कसा मिळवायचा’ यावर जास्त अडते. लपवून बाळगायचं छोटं हत्यार मुंबईच्या उपनगरात बाळगणाऱ्याला खरोखर वाचवतं का, हा त्याआधीचा प्रश्न मात्र मागेच राहतो. माझ्या मते, उपलब्ध पुरावा पाहिला तर बहुतेकांसाठी उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचं मोठं कारण त्या हत्याराच्या लहानपणातच आहे.

पिस्तूल जितकं लपवायला सोपं, तितकं चालवायला अवघड. हे काही माझं तत्त्वज्ञान नाही, साधं यंत्रशास्त्र आहे. नळी आखूड झाली की नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन खुणांमधलं अंतर घटतं आणि हाताची केसभर चूक निशाण्यावर वीतभर होते. वजन कमी झालं की गोळी सुटतानाचा सगळा झटका मनगटावर येतो. मूठ इतकी लहान की करंगळीला टेकायला जागा उरत नाही. छोट्या रिव्हॉल्व्हरला बहुधा सुरक्षेची वेगळी कळ नसते, चाप जड असणं हीच त्याची सुरक्षा. तो जड चाप मागे खेचताना नळी हलते. म्हणून छोटं हत्यार नवशिक्यासाठी, मोठं अनुभवी माणसासाठी, ही दुकानातली समजूत नेमकी उलटी आहे. खिशातल्या पिस्तुलालाच सगळ्यात जास्त सराव लागतो. तो करायचा कुठे? परवान्यावर काडतुसांची संख्या ठरवून दिलेली असते. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पण ती मुख्यतः नेमबाजी या खेळासाठी आहे आणि तिथे शांत उभं राहून कागदी निशाणा टिपणं आणि अंधाऱ्या जिन्यात घाबरून खिशात हात घालणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१६च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला प्रशिक्षणाचा दाखला सक्तीचा केला, हे चांगलंच झालं. पण पोहायला एकदा शिकलं की आयुष्यभर येतं, नेमबाजीचं तसं नाही.

सराव असूनही काय होतं, याची मोजदाद झालेली आहे. न्यूयॉर्क पोलिसांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास रँड या संस्थेने २००८मध्ये प्रसिद्ध केला. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी सरासरी फक्त १८ टक्के लागल्या. समोरचा गोळीबार करत नसतानाही हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासच होतं. हे पगारी, नियमित सराव करणारे पोलीस, आणि त्यांच्या हातात पूर्ण आकाराची पिस्तुलं. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३मध्ये आणखी एक हिशेब मांडला होता. सुरा घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि प्रशिक्षित माणसाला कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. खिशातून काढायला त्याहून जास्त. मुंबईतल्या गाजलेल्या हत्या या हिशेबावर ठेवून पाहाव्यात. जानेवारी १९९७मध्ये पवईत दत्ता सामंत आणि त्याच वर्षी १२ ऑगस्टला अंधेरीत मंदिराबाहेर गुलशन कुमार यांना मारेकऱ्यांनी गाठलं ते दबा धरून. १२ ऑक्टोबर २०२४च्या दसऱ्याच्या रात्री बाबा सिद्दिकी यांच्यावर वांद्रे पूर्वेला फटाक्यांच्या आवाजात गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा संरक्षणाला नेमलेला पोलीस शिपाई सोबत होता. प्रत्युत्तरादाखल काही करणं त्याला जमलं नाही, आणि पुढे त्याला निलंबित करण्यात आलं. त्यात त्या शिपायाची चूक किती, हा चौकशीचा विषय. मला दिसतं ते एवढंच, की वेळ, जागा आणि पहिली गोळी हल्लेखोर निवडतो, आणि दुसऱ्याच्या खिशात काय आहे याने त्या निवडीत फरक पडत नाही. त्या रात्री रस्त्यावरच्या एका तरुणाच्याही पायात गोळी घुसली होती.

या शेवटच्या वाक्यापाशी खारदांडा आठवावा. कार्टर रोडची उंच घरं संपतात आणि दांड्याचा कोळीवाडा सुरू होतो. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल अशा गल्ल्या, एकमेकींना टेकलेली घरं, पत्र्याची आणि अर्ध्या विटेची पार्टिशनं, दारात बसून मासळी निवडणाऱ्या बाया, पायात घुटमळणारी पोरं. चुकलेली गोळी इथे ‘चुकत’ नाही, ती कोणाच्या तरी घरात जाते. शंभरातल्या ब्याऐंशी गोळ्या कुठे जातात, हा रँडच्या अहवालातला कोरडा प्रश्न या गल्लीत फार जवळचा होतो. ‘कन्सील्ड कॅरी’ची, म्हणजे हत्यार लपवून सोबत बाळगण्याची, सगळी कल्पना मोटारीतून फिरणाऱ्या, मोकळ्या पार्किंगच्या, जाड कोट घालणाऱ्या समाजात जन्मली. आपल्या दमट हवेत अंगावर असतो सुती शर्ट, त्यातून पाकीटसुद्धा उठून दिसतं. नियम म्हणतात, सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि ताब्यात हवं. खार स्टेशनवर संध्याकाळची लोकल पकडताना स्वतःचे हातपाय ताब्यात नसतात, तिथे कमरेच्या अर्धा किलो लोखंडाची काय कथा. खिशातून मोबाइल जातो तिथून पिस्तूल जायला वेगळी कला लागत नाही. शिवाय खारा वारा आणि घाम. दांड्याच्या लोकांना लोखंडाचं काय होतं हे सांगायला नको. रोज अंगाला चिकटून असलेल्या हत्याराच्या बारीक स्प्रिंगा आणि काडतुसं यांची निगा वेळच्या वेळी राखली नाही, तर ते नेमक्या क्षणी दगा देऊ शकतं.

आता घराच्या आत येऊ, कारण पिस्तूल बहुतेक वेळ तिथेच असतं. २२ एप्रिल २००६ला वरळीतल्या राहत्या घरी प्रमोद महाजन यांच्यावर सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या, त्या .३२च्या परवान्याच्या पिस्तुलातून. खिशात मावणारं, कायदेशीर, आणि नागरिकाला मिळू शकतं त्याच बोअरचं हत्यार. २ फेब्रुवारी २०२४ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच, शिवसेनेचे महेश गायकवाड यांच्यावर गोळीबार झाला. आपणच गोळ्या झाडल्या, असं तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी वृत्तवाहिनीला स्वतः सांगितलं. हत्यार परवान्याचं होतं. त्यानंतर सहाच दिवसांनी बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर मारले गेले, ते मारेकऱ्याच्या खासगी अंगरक्षकाच्या पिस्तुलाने. परवाना एकाचा, चापावर बोट दुसऱ्याचं. १ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे जुहूला अभिनेता गोविंदा यांच्या पायात गोळी गेली ती त्यांच्या स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची. हत्यार ठेवताना ते निसटून उडालं, असं सांगितलं गेलं. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवण्याची जुनी शिस्त याचसाठी होती. ही सगळी माणसं नावाजलेली म्हणून बातम्या झाल्या, आणि चार घटनांवरून सिद्धांत मांडू नये हेही खरं. म्हणून मोठ्या आकड्यांकडे पाहू. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या कोट्यवधी प्रौढांच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की घरातल्या दुसऱ्या कोणाकडे पिस्तूल असेल तर त्या घरातल्या माणसाचा खून होण्याचं प्रमाण पिस्तूल नसलेल्या घरांच्या दुपटीहून जास्त होतं. २०२०च्या त्यांच्याच अभ्यासात पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण इतर पुरुषांच्या आठपट निघालं. अमेरिकेचा समाज वेगळा, मान्य. पण रागाच्या किंवा निराशेच्या एका तासात हाताशी काय आहे, याचा देशाशी फारसा संबंध नसतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. गुंडाकडे कट्टा असतोच, मग सज्जनाने रिकाम्या हाताने का फिरावं? आक्षेपात तथ्य आहे. बेकायदा हत्यारं बाहेरून मुंबईत येतात आणि परवान्याची सगळी कागदपत्रं प्रामाणिक माणसालाच भरावी लागतात. पण गुंडाचा कट्टा आणि सज्जनाचं पिस्तूल ही समान शस्त्रं नव्हेत, कारण एकाला फक्त मारायचं असतं आणि दुसऱ्याला कायद्यातही बसायचं असतं. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत खासगी संरक्षणाचा हक्क आहे. पण पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजाही करता येत नाही. हे भान दीड सेकंदात राखायचं आहे. उल्हासनगरच्या पोलीस ठाण्याच्या दालनात ते राखलं गेलं का, हे न्यायालय ठरवील.

दुसरा आक्षेप बायकांच्या सुरक्षिततेचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर ‘निर्भीक’ आलं ते त्याच भावनेवर, दागिन्याच्या पेटीसारख्या देखण्या खोक्यात. किंमत मात्र तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. पहाटे अंधारात बंदरावर मासळी आणायला निघणाऱ्या दांड्याच्या बाईला किंवा रात्रपाळी संपवून रिक्षा शोधणाऱ्या परिचारिकेला ती रक्कम ऐकूनच हसू येईल. ज्यांना धोका सर्वाधिक त्यांना न परवडणारं संरक्षण, हा एक दोष. दुसरा दोष खोल आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षामागून वर्षं सांगतात की बलात्काराच्या दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र. त्याच्यावर पिस्तूल रोखण्याचा क्षण येत नाही, कारण तो हल्लेखोर म्हणून आलेलाच नसतो. आणि ज्या घरात मारहाण होते तिथलं पिस्तूल सहसा कोणाच्या हाती लागेल, याचं उत्तर प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र मी पूर्ण खोडू शकत नाही. खंडणीची खरी धमकी आलेला सराफ, बांधकाम व्यावसायिक, साक्षीदार यांच्यासमोर पुस्तकी उत्तरं टिकत नाहीत. अशा मोजक्यांना परवाना मिळावा. त्यांनी निवड करताना खिशाच्या मापाचं नव्हे, हाताच्या मापाचं हत्यार घ्यावं, सराव होईल तेवढंच बाळगावं, चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर वापरावं आणि हत्याराच्या खिशात किल्लीसुद्धा ठेवू नये. घरात काडतुसं आणि हत्यार वेगळ्या कुलपात असावीत. सरकारकडून अपेक्षा याहून थोडी जास्त आहे. पाच वर्षांनी नूतनीकरण होतं तेव्हा पोलीस चौकशी होते, तिच्यासोबत रेंजवरची प्रत्यक्ष चाचणी घ्यावी आणि नापास होणाऱ्याचं हत्यार पुन्हा पास होईपर्यंत ठाण्यात जमा राहावं. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं जमा करून घेण्याची यंत्रणा आपल्याकडे आहेच, तेव्हा हे अशक्य म्हणता येणार नाही. खासगी अंगरक्षकाच्या हत्याराची जबाबदारी त्याला पगार देणाऱ्यावरही लेखी टाकावी. आणि धमकीचा धोका ओसरला तर परवानाही संपावा. आज तो रुबाबाची वस्तू म्हणून वर्षानुवर्षं चालू राहतो, लग्नाच्या वरातीत आणि इन्स्टाग्रामवर दिसतो. हर्षाच्या भरात गोळीबार करण्याला २०१९च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही, अशी शिक्षा वेगळी लिहावी लागली, ती अशाच परवान्यांमुळे.