वैशाखातला चॉकलेट केक

मे महिना म्हणजे सुट्टी, करवंदं, आंबे आणि लग्नं! शहापूर-मुरबाडकडे तर या दिवसांत एकेका तिथीला गावोगाव मांडव. हल्ली त्या मांडवात जिलेबी-मठ्ठ्याच्या जोडीला एक नवा पाहुणा येऊ लागलाय. केक! तोही साधासुधा नाही, चांगला तीन मजली, चॉकलेटनं मढवलेला, वर चॉकलेटचीच फुलं नि पानं. असे केक पुष्कळदा कुणाच्या तरी ताईनं किंवा मावशीनं घरीच केलेले असतात.

समजा, अशी एक ताई शहापुरात राहते आणि लग्न आहे मुरबाडला. मुहूर्त गोरज. म्हणजे केक भर दुपारी निघणार नि किन्हवली, सरळगाव करत जाणार. पारा चाळिशीला टेकलेला. वाटेत केक बसला, तर सामानाचे पैसे गेले, दोन रात्रींचं जागरण गेलं आणि पुढची ऑर्डरही गेली. सांगा पाहू, ताईनं काय करावं?

आधी चॉकलेट वितळतं का ते बघू. थंडीत घट्ट होणारं तूप उन्हाळ्यात पातळ होतं, हे तुम्ही घरी पाहिलंच असेल. चॉकलेटातही असंच एक तूप असतं, कोकोच्या बियांचं. त्याला म्हणतात कोको बटर. चांगलं चॉकलेट साधारण 34 अंश सेल्सियसला वितळतं. आपलं अंग 37 अंशांचं, म्हणून तर ते तोंडात टाकलं की विरघळतं. इंग्लंडमध्ये हा गुण, वैशाखात मुरबाडला मात्र तोच अवगुण! आणि वितळलेलं चॉकलेट फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा घट्ट केलं, तरी पहिली चकाकी येत नाही. कोको बटरचे स्फटिक सहा तऱ्हांनी जमू शकतात, त्यांतली एकच तऱ्हा चकचकीत नि कटकन मोडणारी असते. बाकीच्या मऊ, निस्तेज. वर पांढरट थर येतो तो याचाच. ती बुरशी नव्हे बरं का!

न वितळणारं चॉकलेट कुणी केलंच नाही का? केलं की! 1937 साली अमेरिकन सैन्यानं हर्शी कंपनीकडून सैनिकांसाठी असं चॉकलेट करून घेतलं. अट अशी होती, की ते उन्हात टिकावं, आणि चवीला उकडलेल्या बटाट्यापेक्षा थोडंसंच बरं असावं. नाहीतर शिपाई अडीअडचणीच्या वेळेआधीच ते फस्त करतील! अट इतकी छान पाळली गेली, की पुष्कळ शिपायांनी ते टाकून दिलं म्हणतात. लग्नात काही असला केक चालायचा नाही.

तेव्हा ताईपुढे एकच वाट, गारवा बरोबर नेणं. ही युक्ती नवी नाही. 1833 साली फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानं अमेरिकेतल्या बोस्टनहून कलकत्त्याला जहाजानं बर्फ धाडला. निघताना 180 टन होता. चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून जहाज पोचलं, तेव्हा त्यातला 100 टनांच्या आसपास शिल्लक होता! पुढच्याच वर्षी बर्फ मुंबईतही आला. या धंद्याचं सगळं गुपित होतं भुसा आणि वाळलं गवत. त्यांत अडकलेली हवा उष्णतेला सहजी वाट देत नाही.

आता आपल्याकडे बघा. शहापूर-मुरबाड म्हणजे भाताचा मुलूख. पेंढा नि भाताचं तूस हवं तेवढं. तेही नको असेल तर घरोघरी गोधडी आहेच. गोधडीनं केक गरम नाही का होणार, असं तुम्ही विचाराल. मुळीच नाही! गोधडीला स्वतःची ऊब नसतेच. ती उष्णतेला अडवते, एवढंच तिचं काम. आत तुम्ही असाल तर तुमची ऊब बाहेर जाऊ देत नाही, आत गार केक असेल तर बाहेरचं ऊन आत येऊ देत नाही.

म्हणून ताईनं केक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. मोठा, आतपर्यंत गार झालेला केक तापायला वेळ लागतो. मग थर्माकोलचं खोकं, कडेनं पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या, वरून गोधडी. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता गिळतो, तेवढ्यात बर्फाइतकं गार एक किलो पाणी 80 अंशांपर्यंत तापलं असतं! नुसता सुटा बर्फ मात्र नको. त्याचं पाणी केकच्या पुठ्ठ्याखाली गेलं की संपलंच. आणि कुणी कोरडा बर्फ सुचवला तर ताईनं सरळ नको म्हणावं. तो म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, बंद गाडीत त्याचा वायू साठला तर माणसं गुदमरतील.

तिन्ही मजले वेगळ्या खोक्यांत न्यायचे. खोकी गाडीच्या सपाट तळावर, खाली ओलसर फडकं, म्हणजे घसरत नाहीत. सीट उतरती असते, तिथं नको. मांडीवर तर नकोच, तुम्ही कितीही हट्ट केलात तरी! वाटेत रसवंती दिसली म्हणून गाडी उन्हात उभी केली, की आतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी तापते. उसाचा रस परतीच्या वाटेवर.

मुरबाडला पोचल्यावर सगळ्यांना खोकं उघडून बघायची घाई होणार. तिथंच गडबड होते. गार केक एकदम दमट हवेत आणला, की थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच केकवर सुटतं. साखर विरघळते, फुलांचे रंग ओघळतात. म्हणून खोकं बंदच ठेवायचं, मांडवात दिव्यांखाली नाही, तर घरातल्या मातीच्या भिंतींच्या गार खोलीत. ऊन उतरू द्यायचं. बाहेर अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, की मग ताईनं हात धुऊन मजल्यावर मजला चढवायला घ्यावा, आणि तोवर दारात एखादा धाकटा भाऊ राखणीला बसवावा.